बारवेच्या पायऱ्या दुरुस्त करू नयेत

मी, डॉ. कुमारी गुणमाला भूपाल मगदूम, वय वर्षे नव्वद, व्यवसाय पूर्वी डॉक्टरकी आणि आता नुसती देखरेख, राहणार मौजे हिवरगाव, तालुका वाळवा, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. मला कोणी लिहायला लावलेले नाही. उलट मी काही लिहू नये असे घरातल्या एकदोघांना वाटत होते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला गावचे डॉक्टर अमृत चौगुले यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. अमृत इंजेक्शन द्यायला माझ्याच हाताखाली शिकला, तेव्हा त्याच्या दाखल्यावर कोर्टाने विश्वास ठेवायला हरकत नाही. कान थोडे गेले आहेत. स्मरणशक्ती गेलेली नाही, आणि त्याचा त्रास माझ्यापेक्षा इतरांना जास्त होतो.

१. माझ्या मिळकतीत भांडण लागावे असे फारसे काही नाही. राहते घर आहे, त्याच्या पुढच्या सोप्यात दवाखाना आहे, बँकेत ठेव आहे, आणि गावाच्या पूर्वेला गट नंबर ११८ ही पडीक जागा आहे, जिच्यात आमची बुजलेली बारव आहे. पहिल्या तिन्हींची वाटणी मी चार ओळींत करू शकते. चौथीसाठी हे सगळे लिहावे लागत आहे.

माझे धाकटे बंधू कै. आर्जव यांचा मुलगा अतिशय हा माझा भाचा. तो गेल्या उन्हाळ्यात बारवेचे रंगीत चित्र छापून घेऊन आला. चित्रात पाण्यापर्यंत उतरणाऱ्या गुळगुळीत नव्या पायऱ्या, दिव्यांच्या माळा आणि कडेला बाकडी होती. "आत्या, गाळ काढायचा, पायऱ्या नव्यानं बसवायच्या. पणजोबांचं नाव कसं वर येतंय बघ. लोक लांबनं लांबनं फोटो काढाय येतील," असे तो म्हणाला. पोराचा हेतू वाईट नव्हता. पंचायत समितीला उभे राहायचे आहे, त्याआधी गावासाठी काहीतरी करून दाखवावे असे त्याला वाटते, आणि त्यात मला गैर दिसत नाही. पण चित्राखाली माहिती होती: 'दानशूर नेमगोंडा मगदूम यांनी बांधलेल्या या बारवेच्या पायऱ्या काळाच्या ओघात ढासळल्या.'

मी चष्मा पुसून ते वाक्य पुन्हा वाचले. काळाने त्यातली एकही पायरी ढासळवलेली नाही. त्या माझ्या वडिलांनी फोडल्या, पहारीने, दिवसाढवळ्या, हातात लोकल बोर्डाचा हुकूम घेऊन. गावात तर याहून वाईट सांगतात. बापलेकांत वाटणीवरून जुंपली आणि रागाच्या भरात डॉक्टरने बापाची धर्माची बारव फोडली, असे पारावर आजही ऐकायला मिळते. खरे काय झाले ते ठाऊक असलेली मी एकटीच उरले आहे. मी गेल्यावर ती छापील ओळच खरी ठरेल. म्हणून मिळकतीबरोबर तेही लिहून ठेवते.

२. राहते घर, दवाखान्यासह, माझी भाची चंदना हिला द्यावे. ती कोरेगावला शाळेत शिकवते आणि निवृत्तीनंतर इकडे येणार म्हणते. सातारच्या बाजूची हवा सोडून कोण येते ते बघू, पण घर तिचे. दवाखान्याची जागा तिने भाड्याने द्यायची असेल तर द्यावी. चपलांचे दुकान चालेल, मोबाईलचे चालेल. कोणत्याही पक्षाचे कार्यालय चालणार नाही, अतिशयच्या पक्षाचेसुद्धा.

घराच्या मागच्या दोन खोल्यांत शालूबाई तिच्या हयातीपर्यंत राहील. तिला कोणी उठवू नये. बँकेतली निम्मी ठेव तिची आणि निम्मी चंदनाची. शालूबाई वीस-बावीस वर्षे माझे सगळे करते आहे आणि रोज माझ्याशी भांडते आहे. हे कलम मी तिला वाचून दाखवले, तर म्हणाली, "आवं बाई, मेल्यावर काय द्याचं त्ये ऱ्हाऊ द्या. आदी दोन घास खावा, दिवस बुडाय आलाय." आम्ही जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही. ती मराठ्याची, तिला तो नियम नाही, पण माझे जेवण सूर्याआधी उरकले की नाही यावर माझ्यापेक्षा तिचीच नजर जास्त असते.

३. माझ्या वडिलांची, म्हणजे आप्पांची हत्यारे काचेच्या कपाटात आहेत. ती सर्व अतिशयची मुलगी भाग्यश्री हिला द्यावीत. ती डॉक्टर होते आहे. तिला त्यातले एकही उपयोगी पडणार नाही, तरी तिने ती नीट ओळखून घ्यावीत. दोन चिमटे, एक कात्री, पितळी मुठीचे भिंग, एक जाड काचेचा पेला, आणि डबीत बाभळीच्या बारीक तासलेल्या काड्या. काड्या बघून ती हसेल. त्याच काड्यांवर आप्पांनी आपली डॉक्टरकी चालवली आणि त्यांनीच आप्पांना राजकारणात नेले.

डॉ. भूपाल नेमगोंडा मगदूम मुंबईहून डॉक्टरकीची परीक्षा पास होऊन आले तेव्हा आमचा वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात होता. संस्थानाच्या दवाखान्यात पगाराची नोकरी मिळत असता ती नाकारून त्यांनी घराच्या सोप्यात टेबल मांडले. गावात रोग एकच होता, नारू. आजच्या मुलांना हा शब्दसुद्धा माहीत नाही. माणसाच्या पायातून पांढऱ्या दोऱ्यासारखा हातभर लांब किडा बाहेर यायचा. ओढला तर तुटायचा आणि पाय सडायचा, म्हणून तो रोज थोडाथोडा काडीवर गुंडाळत बसावे लागे. ऐन पेरणीत घरचा कर्ता माणूस आडवा पडे. शालूबाईचा आजेसासरा जोतीराम आप्पांचा पहिला रोगी. त्याचा किडा घरीच ओढून तुटला होता. आप्पांनी पाय वाचवला, पण गुडघा कायमचा आखडला.

नारू पाण्यातून येतो हे आप्पा पुस्तकात शिकून आले होते. कुठल्या पाण्यातून, यात मात्र ते चुकले. गाव दोन पाणी पिई, ओढ्याचे आणि बारवेचे. आमचे सगळे घर बारवेचे पाणी पिई आणि आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणाला नारू नव्हता. मग बारव चांगली, ओढा वाईट, असा हिशेब आप्पांनी मांडला. दोन वर्षे त्यांनी लोकांना ओढ्यावरून बारवेवर आणले. नारू वाढला.

एका सकाळी ते आपल्या आईला पाणी गाळताना बघत उभे होते. जैनाच्या घरात पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय कोणी पीत नाही, आणि फडक्यात अडकलेले जीव मरू नयेत म्हणून ते फडके उलटे करून, गाळलेल्याच पाण्याने एका भांड्यात धुऊन, ते पाणी परत त्याच विहिरीत हळूच सोडतात. त्याला आम्ही जिवाणी म्हणतो. आजी जिवाणी घेऊन निघाली होती. आप्पांनी ते भांडे मागून घेतले, पेल्यात ओतले आणि भिंग लावून उन्हात धरले. पाण्यात तिळाएवढे जीव टुणटुण उड्या मारत होते. नारूची पिल्ले पोटात घेऊन फिरणारे हेच ते जीव. आमचे घर बारवेमुळे नव्हे, फडक्यामुळे वाचले होते. आणि फडक्यात सापडलेले सगळे आम्ही रोज नेमाने, पुण्य समजून, दुसऱ्याच्या घागरीसाठी परत सोडत होतो. आप्पांनी ही गोष्ट आपल्या आईला कधीही सांगितली नाही.

४. माझे आजोबा नेमगोंडा, आमचे आज्जा, यांनी ती बारव दुष्काळात बांधली. गावाला काम मिळावे आणि पाणीही, म्हणून स्वतःची चांगली जमीन विकून बांधली. तिच्यावर त्यांचा फार जीव होता. आप्पांनी त्यांना सांगितले की नारूचा माणूस पायाची आग होते म्हणून पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडून बसतो, किडा तिथेच पाण्यात पिल्ले टाकतो, तेव्हा पायऱ्या बंद करा आणि वरून रहाटाने पाणी काढू द्या. आज्जा म्हणाले, "आमच्या घरात कुनाला झालाय का? पान्यात खोट आस्ती तर आदी आमाला झाला आस्ता. धर्माच्या पान्याला नावं ठिऊ नगंस."

म्हणजे जी चूक मुलाने केली तीच बापाने केली. फरक एवढाच की मुलाच्या हातात भिंग होते.

घरात ऐकत नाहीत म्हणून आप्पा जिल्हा लोकल बोर्डाच्या, म्हणजे तेव्हाच्या जिल्हा परिषदेच्या, निवडणुकीला उभे राहिले. देशासाठी, पक्षासाठी वगैरे नाही. तालुक्यातल्या बारवा बंद करायला. समोर इनामदार लालासाहेब, वर्षानुवर्षे बोर्डावर. ते सभेत म्हणायचे, "ह्यो डाक्तर मुंगी मारत न्हाई, त्यो रोग काय मारनार?" आप्पांनी भाषण असे कधी केलेच नाही. ते गावात जात, त्याच गावच्या विहिरीचे पाणी पेल्यात घेत आणि भिंग देऊन एकेकाला उन्हात बघायला लावत. एक म्हातारा दचकून म्हणाला होता, "आवं डाक्तर, ह्ये काय वळवळतंय? आमी ह्ये पितूया व्हय?" तेवढ्यावर ते गाव आप्पांचे झाले.

लालासाहेबांच्या माणसांनी मग उठवले की डॉक्टर जैन आहे, तुमच्या घरचे पाणी शिवणार नाही. आप्पा घरोघर पाणी मागून प्यायला लागले. खिशातून फडके काढून म्हणायचे, "पाणी तुमचं, फडकं माझं." गावकुसाबाहेरच्या वस्तीवरही प्यायले. त्यावर आमच्या समाजातल्या पुढाऱ्यांनी त्यांना बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, अभिषेकाला उभे राहू दिले नाही. आप्पा बाहेर उभे राहून दर्शन घेत आणि फडके वाटायला निघत. ते निवडून आले. जोतीराम आखडलेला पाय ओढत मतदानाला गेला होता आणि वाटेत भेटेल त्याला तो पाय दाखवत होता.

बोर्डात त्यांनी ठराव मंजूर करून घेतला: प्रत्येक पायऱ्यांच्या विहिरीच्या मालकाने एक तर पाण्यात औषध टाकू द्यावे, नाही तर पायऱ्या फोडून काठावर रहाट बसवावेत. पहिली नोटीस आप्पांनी आपल्या वडिलांना बजावली, स्वतः हातात नेऊन दिली. तेव्हा मी तीन वर्षांची होते. हा प्रसंग मला आईने सांगितला, आणि आईने आयुष्यात कधी तिखटमीठ लावले नाही.

आज्जा सोप्यात बसले होते. त्यांनी विचारले, "आवशदानं काय हुतंय?"

"पान्यातलं जीव मरत्यात, दादा."

"समदं?"

"समदं."

"आन् पायऱ्या फोडल्या तर?"

"एकबी मरत न्हाई. दुखरा पाय पान्याला लागत न्हाई, मग रोगच पान्यात उतरत न्हाई."

आज्जांनी मनात दोन्ही तोलले. एकीकडे त्यांच्या नावाची बारव होती आणि दुसरीकडे ज्यांना कोणी मोजत नाही असे पाण्यातले जीव. मग म्हणाले, "तर मग फोड. पर मी हाय तवर माझ्यासंगं बोलू नगंस."

आप्पांनी पायऱ्या फोडल्या आणि शब्द पाळला. वाटणीचे भांडण नव्हते, राग नव्हता, काळाचा ओघ तर नव्हताच. बापाने सांगितले ते मुलाने केले. बारवेवर चार रहाट बसले आणि त्यातला एक गावकुसाबाहेरच्या वस्तीसाठी होता. त्या रहाटावरून बोर्डात भांडण झाले, तेही आप्पांनी जिंकले.

५. त्यानंतर ते दोघे एकाच घरात राहिले, एकाच पंगतीला जेवले आणि एकमेकांशी बोलले नाहीत. टपाल मी होते. "गुना, तुज्या बाला सांग, पाठीत कळ याय लागलीया." आप्पा तिथेच उभे असत. "गुणा, आज्जाला सांग, पालथं पडा म्हणावं." मी सांगायची, आज्जा पालथे पडायचे, आप्पा पाठ चोळायचे. डॉक्टरकीचे माझे पहिले शिक्षण ते. दोघांतले कोणी चिडून बोलल्याचे मला आठवत नाही.

बेचाळीसला आप्पांनी बोर्डाचा राजीनामा दिला. भूमिगत पोरांच्या जखमा शिवल्या म्हणून तुरुंगातही जाऊन आले. पुढच्या निवडणुकीत ते पडले. तोवर तालुक्यातल्या बहुतेक बारवा बंद झाल्या होत्या, लोक नारू विसरले होते आणि त्याच्याबरोबर डॉक्टरांनाही. आप्पांना त्याचे वाईट वाटले नाही. ते नारूसाठी राजकारणात गेले, नारू संपल्यावर बाहेर आले आणि पुन्हा टेबलावर बसले. मी पुष्कळ पुढारी पाहिले आहेत, काहींना औषधही दिले आहे. काम झाले म्हणून उठून घरी आलेला मी एकच पाहिला आणि तो माझा बाप होता. याचा मला अभिमान आहे आणि तो मी विनयाने झाकून ठेवणार नाही.

६. माझी जुनी भांडणे. क्षमावाणीच्या दिवशी मी दरवर्षी सर्वांना क्षमा करते आणि सर्वांची मागते, यंदाही केले. लालासाहेबांचा हिशेब मिटला आहे. त्यांचा नातू उदयसिंह या कागदावर साक्षीदार म्हणून सही करत आहे, आणि मुंगीचे वाक्य मी वाचून दाखवल्यावर तो पोट धरून हसला. बस्तीच्या दारातून आप्पांना परत पाठवणाऱ्यांनाही मी क्षमा केली. मात्र त्यांच्या नातवंडांनी माझ्या अंत्यविधीत पुढे पुढे करू नये. दिवस असतानाच उरकावे आणि कोणी भाषण करू नये.

७. आता गट नंबर ११८. चतुःसीमा: पूर्वेस ओढा, पश्चिमेस गावरस्ता, दक्षिणेस थोरातांचा ऊस, उत्तरेस पुन्हा थोरातांचाच ऊस, जो दरवर्षी हातभर अलीकडे सरकतो. ही जागा बारवेसह मी माझा भाचा अतिशय यास देत आहे. त्याला वाटले होते मी देणार नाही. का देऊ नये? त्याचे पणजोबा थोर होते हे तो म्हणतो ते खरेच आहे. ते किती थोर होते, एवढेच त्याला माहीत नव्हते.

आज्जा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. ते अंथरुणावर होते, आप्पा त्यांच्या मनगटावर बोटे ठेवून शेजारी बसले होते, मी उशाशी. आज्जांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "गुना, तुज्या बाला सांग."

मी म्हटले, "आज्जा, त्ये हितंच बसल्यात."

"म्हाईत हाय मला. तू सांग. म्हनावं, गावात आता एकबी पोरगं लंगडत न्हाई."

मी आप्पांकडे पाहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण शब्द दिलेला होता. ते मला म्हणाले, "गुणा, आज्जाला सांग, ऐकलं."

मी सांगितले. आज्जांनी मान हलवली. तसे आमच्या घरात पुन्हा कोणी कोणाशी बोललेले मी ऐकले नाही. माझ्या मते बारवेचे खरे दान त्या दिवशी पुरे झाले.

तेव्हा अतिशयने बारवेतला गाळ काढावा, पिंपळाची रोपे उपटावीत, आज्जांच्या नावाचा दगड धुऊन पुन्हा बसवावा. दिवे लावावेत, बाकडी टाकावीत, लोकांना फोटो काढू द्यावेत. निवडणुकीला उभे राहायचे तर खुशाल राहावे. परंतु खालच्या फोडलेल्या पायऱ्या फोडलेल्याच राहतील. तिथे नवा दगड बसवायचा नाही, सिमेंट ओतायचे नाही, लोखंडी जिनासुद्धा लावायचा नाही. यात बदल केल्यास त्या दिवसापासून ती जागा चंदनाची होईल, आणि चंदना ऐकणारी नाही हे अतिशयला लहानपणापासून ठाऊक आहे.

छापलेली ती ओळ काढून टाकावी. त्या जागी फोडलेल्या पायऱ्यांच्या वर, सहज वाचता येईल अशा अक्षरांत, एवढेच लिहावे:

'या पायऱ्या नेमगोंडा मगदूम यांनी गावासाठी बांधल्या. त्यांच्याच सांगण्यावरून त्यांचे पुत्र डॉ. भूपाल यांनी गावासाठी फोडल्या.'

यापुढे एक अक्षर वाढवू नये. माझे नाव तर मुळीच नको.

या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी चंदना हिची नेमणूक करते. वरील सर्व मी लिहिले, दोन वेळा वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर, त्यांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या देखत सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळत नाही, चहा सोडून.

ठिकाण: मौजे हिवरगाव, ता. वाळवा, जि. सांगली
दिनांक: १५ सप्टेंबर २०२५

लिहून ठेवणार: (सही) डॉ. गुणमाला भूपाल मगदूम

साक्षीदार:
१. (सही) उदयसिंह जयराज इनामदार, शेती, रा. हिवरगाव
२. (सही) सुभेदार वीरधवल थोरात, सैन्यातून निवृत्त, रा. हिवरगाव. उसाच्या बांधाबद्दल वर लिहिलेले वाचून सही केली. बांध मागे घेतो.